नॉर्मलचा फॉरमॅट

आमच्या घरात चार माणसं राहत होती आणि त्यातल्या एकीच्या रक्तात काय चाललंय, हे बाकीच्या तिघांना फोनवर दिसायचं. ती एक म्हणजे मी, हेमांगी. वय छत्तीस, लग्नाला सात वर्षं, मूल नाही. तालुक्याच्या गावात एवढी ओळख पुरते. मी दूध डेअरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहे, हे कुणी विचारत नाही.

माझ्या डाव्या दंडावर नाण्याएवढी एक चकती चिकटवलेली असे. तिचं नाव ‘सारथी’. नाव ठेवणाऱ्यानं फार डोकं चालवलं असणार. रथ माझा, घोडे माझे, खड्डे माझे, आणि लगाम धरायला हा. २०३९ सालापर्यंत ही चकती आमच्या गावात इतकी रुळली होती की लोक तरुण सुनेच्या दंडाकडे आधी बघत आणि तोंडाकडे मग.

यंत्र तसं हुशार. पूर्वी पाच दिवस गोळ्या, मग पोटात इंजेक्शनं, दर दोन दिवसांनी सोनोग्राफी आणि त्यासाठी सोलापूरच्या चकरा, असा सगळा खटाटोप असायचा. चकतीच्या खाली केसाहून बारीक सुया असतात. त्या दर पंधरा मिनिटांनी कातडीखालच्या पाण्यातले हार्मोन मोजतात. अंडाशयात बीज वाढतंय का, ते सुटायची वेळ आली का, सुटल्यावर गर्भाशयाचं अस्तर टिकून आहे का, हे सगळं त्यावरून कळतं. मग चकतीतल्याच इवल्याशा टाकीतून त्या मापानं औषध आत सोडलं जातं. कमी पडलं तर थोडं जास्त, जास्त झालं तर बंद. महिना फुकट गेला की चकती त्यातून शिकते आणि पुढच्या महिन्यासाठी औषधाची कमाल मर्यादा एक पायरी वर मागते.

ती पायरी वाढवायला माझी परवानगी लागत नसे. ती ‘आधारमंडळा’ची लागे. आधारमंडळ म्हणजे नवरा, सासू आणि सासरे. हार्मोनच्या भरात बाई चुकीचा निर्णय घेईल, अशी कंपनीला काळजी होती.

रोज सकाळी मंडळाला माझा ‘तयारी-गुण’ जायचा. शंभरापैकी. सासूबाईंच्या भिशीत आता साड्यांऐवजी त्याचीच चर्चा चालायची.

“आमच्या हिचा आज चौऱ्याऐंशी,” सासूबाई फोन नाचवत म्हणायच्या.

“आमचीचा परवा नव्वद होता. पण टिकत नाही बघा,” समोरची बाई उसासा टाकायची.

मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले की सगळ्याजणी माझ्या पोटाकडे बघून “बस की गं जरा” म्हणायच्या. सात वर्षांत त्यातल्या एकीनंही माझ्या डोळ्यांकडे बघून काही विचारल्याचं मला आठवत नाही.

सासरे, म्हणजे अण्णा, ‘प्रचिती पॅथॉलॉजी’चे मालक. तीस वर्षं गावाचं रक्त, लघवी, थुंकी त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे गावात मान मोठा. माझा नवरा मयूरेश लॅबमधले कॉम्प्युटर बघतो. त्यापलीकडे तो काय करतो ते मला सात वर्षांत कळलेलं नाही.

चकती सुरू करताना दोघांचीही माहिती भरायची असते. माझ्याकडून पंधरा तऱ्हेच्या रक्ततपासण्या, दोन सोनोग्राफ्या आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायची एक तपासणी. त्या टेबलावर मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. मयूरेशकडून एक कागद हवा होता, वीर्यतपासणीचा रिपोर्ट, आणि दर सहा महिन्यांनी तो नव्यानं. लॅब घरचीच. संध्याकाळी कागद जेवणाच्या टेबलावर हजर झाला. सगळं नॉर्मल.

“बघ, माझ्याकडून काही प्रॉब्लेम नाही,” असं म्हणून मयूरेशनं भाकरी मोडली. बोर्डात नंबर आल्यासारखा चेहरा. अण्णांनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

त्यानंतर महिने जात राहिले आणि मी पायऱ्या चढत राहिले. तिसरी, चौथी, पाचवी. अंगावर सूज, डोक्यात भणभण.

“सहाव्या पायरीची परवानगी मागतंय,” मी एकदा मयूरेशला म्हणाले. “या महिन्यात थांबू या का? पोटात ताण बसल्यासारखा वाटतोय.”

“यंत्राला जास्त कळतं की आपल्याला?” टीव्हीवरच्या मॅचवरून नजर न काढता त्यानं अंगठ्यानं ‘हो’ दाबलं.

“थोडं सोसावं लागतंय बाई,” सासूबाई आतून म्हणाल्या. “आम्ही काय कमी सोसलं?” काय सोसलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

चौदाव्या महिन्यात चार दिवसांत माझं वजन सहा किलोंनी वाढलं. पाचव्या दिवशी आडवं पडल्यावर श्वास घेता येईना. सोलापूरच्या एका दवाखान्यात माझ्या पोटातून दोन लिटर पाणी काढलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वैतागल्या होत्या. औषध जास्त झालं की अंडाशयं फुगतात आणि रक्तवाहिन्यांतलं पाणी पोटात झिरपतं, असं त्यांनी समजावलं. “पण तुमचे रिपोर्ट इतके चांगले असताना यंत्र एवढं वर गेलंच कसं?” असंही त्यांनी विचारलं.

मयूरेशनं उलट त्यांनाच एक प्रश्न विचारला. पुढची फेरी कधी सुरू करता येईल?

चकतीतलं औषध दोन महिने बंद झालं आणि मला तीन आठवड्यांची सक्तीची विश्रांती मिळाली. पडल्या पडल्या करायला काही नव्हतं म्हणून मी आमची फाइल काढली. मयूरेशचे तीन रिपोर्ट होते, सहा-सहा महिन्यांच्या अंतरानं केलेले. पहिल्यात शुक्राणूंची संख्या एका मिलिलीटरला सहा कोटी चाळीस लाख, हालचाल अठ्ठावन्न टक्के. दुसऱ्यात सहा कोटी चाळीस लाख, अठ्ठावन्न टक्के. तिसऱ्यातही तेच.

हे डॉक्टरांच्या नजरेला खटकलं नाही, कारण आकडे चांगले होते. माझ्या नजरेला खटकलं, कारण माझी रोजीरोटी सेन्सरवर चालते. डेअरीत दूध बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापवावं लागतं. समजा तापमान मोजणारा सेन्सर अडकला आणि कायम अडुसष्टच दाखवायला लागला, तर कंट्रोलर वाफ वाढवतच राहतो. त्याच्या दृष्टीनं दूध अजून थंडच असतं. शेवटी दूध करपतं आणि ऑपरेटर दुधाला शिव्या देतो. अडकलेला सेन्सर ओळखायची खूण सोपी असते. त्याचा आकडा हलत नाही. खरी वस्तू दर वेळी मोजली की थोडी इकडेतिकडे होतेच. पुरुषाच्या बाबतीत तर हे आकडे आठवड्यागणिक बदलतात.

सारथी माझं अंग मोजत होता. मयूरेशचं अंग तो मोजत नव्हता, त्याच्या कागदावर विश्वास ठेवत होता. नवरा उत्तम आणि तरी दिवस जात नाहीत, म्हणजे खोट बायकोत, असा सरळ हिशेब करून त्यानं चौदा महिने माझ्यावर वाफ सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, अण्णांच्या झोपेच्या वेळी, मी रिक्षा करून लॅबमध्ये गेले. तिथे शमशादआपा एकोणीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर बसतात. घरात माझ्याशी कुणी बोलत नसताना त्या बोलायच्या.

“आपा, मयूरेशच्या काचा तुम्हीच बघितल्या होत्या ना?”

आपांनी उठून दार लोटलं. “काच कुठली वहिनी? नमुनाच कधी आला न्हाई. अण्णा म्हनले, घरचंच हाय, नॉर्मलचा फॉरमॅट काढ.”

लॅबमध्ये प्रत्येक तपासणीचा एक तयार कागद असतो, नॉर्मल आकडे आधीच भरलेला. काही वेगळं निघालं तर तेवढा आकडा बदलायचा. काही तपासलंच नाही, तर काहीच बदलायला लागत नाही.

“फक्त मयूरेशचाच काढलाय असा?”

“गडी माणसांचा हा रिपोर्ट असला की भौतेक असंच,” आपा हळू आवाजात म्हणाल्या. “डबी घेतात, संडासात जातात, पाच मिनिटांनी तशीच परत आणतात. मान खाली. अण्णांना दया येते. म्हनतात, कशाला त्याला गावात खाली बघायला लावायचं, दे नॉर्मल. मी दोनदा बोलले. म्हनले, तू तुझ्या काचा पुस.”

“यातल्या किती जणांच्या बायकांना सारथी आहे?”

आपांनी कॉम्प्युटरवर यादी काढली आणि बोट ठेवून मोजली. बत्तीस. अण्णांच्या दयेचं मला खरोखर नवल वाटलं. बत्तीस पुरुषांची मान खाली जाऊ नये म्हणून बत्तीस बायकांची पोटं वर.

संध्याकाळी मी मयूरेशला विचारलं. त्यानं नाकारलंसुद्धा नाही.

“अगं, मी ठीकच आहे. मला कळतं ना.”

“कशावरून कळतं?”

“कळतं माणसाला.”

एम. एस्सी. झालेला माणूस, घरची लॅब आणि हे त्याचं निदान. उद्या सोलापूरला तपासणी केली नाही तर मी माहेरी जाईन आणि का आले ते विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगेन, असं मी म्हणाले. तो गेला. मे महिन्याच्या उन्हात तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, डोळ्याला गॉगल, बँक लुटायला निघाल्यासारखा.

निकाल आला, अकरा लाख. हालचाल नऊ टक्के. किमान दीड कोटी तरी लागतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. त्या अकरा लाखांचा मला राग नाही. कुणाचं यकृत बिघडतं, कुणाचं हे. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्याची एक शीर फुगलेली आहे, छोट्या ऑपरेशननं आणि तीन महिन्यांच्या हार्मोननं पुष्कळ सुधारेल. त्याच्यासाठीही आता तशीच चकती निघाली आहे. पहिल्याच महिन्यात पाच मिनिटं लाज बाजूला ठेवली असती, तर एव्हाना माझ्या कडेवर मूल असतं. राग त्या पाच मिनिटांचा आहे.

त्या संध्याकाळी अण्णा सात वर्षांत पहिल्यांदा मला खुर्ची पुढे करून म्हणाले, “बस, हेमांगी.”

मी बसले. सासूबाई आणि मयूरेश सोफ्यावर होते.

“झालं ते झालं,” अण्णा म्हणाले. “पुण्याला माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. तिथं नव्या कागदावर नव्यानं सुरू करू. एक स्त्रीबीज, एक शुक्राणू, सुईनं आत सोडतात. एवढ्या आकड्यावरही जमतं. वर्षाच्या आत पाळणा हलेल. फक्त सारथीतला जुना रिपोर्ट बदलू नकोस.”

कारण मला ठाऊक होतं. जोडीदाराचा एखादा रिपोर्ट चुकीचा ठरला की यंत्रणा तो देणाऱ्या लॅबवर खूण करते आणि तिथले सगळे रिपोर्ट पुन्हा तपासायला लावते. बदल करायला आधारमंडळातल्या एकाचा अंगठाही लागत होता, आणि मंडळ माझ्यासमोर सोफ्यावर बसलं होतं.

“आणि बाकीच्या एकतीस बायका?”

“त्यांचं त्यांचे डॉक्टर बघतील.”

“त्यांचे डॉक्टर तुमचा कागद बघतात, अण्णा.”

“तुला मूल हवंय की नकोय, तेवढं सांग,” सासूबाई मधेच म्हणाल्या.

हवं होतं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी गप्प बसले. गावात ओरडून सांगितलं असतं तरी, मूल होत नाही म्हणून हिचं डोकं फिरलं, असंच म्हणाले असते. आणि माझं वय काही थांबणार नव्हतं. पुण्याला जावं, पोर घ्यावं, गप्प राहावं, असं मला वाटत होतं. त्या दोन दिवसांत मी या घरातल्या कुणाहून फार वेगळी नव्हते. हे मला आवडलं नाही, पण खरं आहे.

तिसऱ्या दिवशी माझी नणंद केतकी आली. ती गावातच दिलेली, स्टेशन रोडला. पोटावर ओढणी पसरून ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकली. सासूबाई पोळ्या लाटत होत्या.

“वहिनी, मला सहावी पायरी मिळाली,” ती म्हणाली. “जरा जड वाटायलंय. सलवारीची नाडी बसेना. आमच्या सासूबाई म्हणतात, चांगली खूण आहे.”

“आडवं पडल्यावर श्वास लागतो?”

“कालपासून थोडा लागतो. तुला कसं कळलं?”

मी तिच्या घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी दवाखान्यात गेले त्याच्या आदल्या दिवशी माझाही असाच राहिला होता. गप्प बसणं तिथेच संपलं.

“केतकी, जावईबापूंचा रिपोर्ट कुठला आहे गं?”

“कुठला म्हणजे? आपलाच की. अण्णांनीच दिला.”

सासूबाईंचं लाटणं थांबलं. पिठाचे हात तसेच घेऊन त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. आम्ही दोघी मागोमाग गेलो. अण्णा पेपर वाचत होते, शेजारी मयूरेश बसला होता.

“अहो, जावईबापूंचा नमुना बघितला होता का तुम्ही?”

अण्णांनी पेपर खाली घेतला. “असं कसं विचारतेस? जावयाच्या हातात डबी कशी द्यायची? त्यांचा काय मान आहे का नाही?”

“म्हणजे बघितला नाही.”

“अगं, चांगलं धडधाकट माणूस आहे ते. मीच दिला काढून.”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “कुठं दाबायचं ते दाखव.”

“आई, काय करायलीस तू?” मयूरेश उठला. “लॅब बंद पडेल.”

“पडू दे,” त्या म्हणाल्या. मी सोलापूरचा आकडा भरून फोन पुढे धरला. त्यांनी अंगठा पदराला पुसला आणि दाबला.

मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटायला हवा होता. नाही वाटला. चौदा महिने याच बाईसमोर माझं पोट फुगत होतं, तेव्हा ते सोसायचं होतं. लेकीचं फुगल्यावर ते दुखायला लागलं. त्यांनी माझ्यासाठी काही केलं नाही, फक्त त्यांच्या हातून झालं. केतकीला त्याच दुपारी आम्ही सोलापूरला नेलं. वेळेत नेलं म्हणून पाणी काढावं लागलं नाही.

गावातल्या बत्तीस फोनवर तासाभरात निरोप गेला. जोडीदाराची पुनर्तपासणी होईपर्यंत औषध थांबवले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबसमोर पुरुषांची रांग होती. जो तो फोनमध्ये डोकं घालून उभा, एकमेकांना ओळखत नसल्यासारखा. त्यातले निम्मे एकाच क्रिकेट संघात खेळतात. शमशादआपा एकेकाला नाव घेऊन आत बोलवत होत्या आणि या वेळी डबी रिकामी परत घेत नव्हत्या. चौकशीचे अधिकारी सोमवारी यायचे होते, तोवर गावातली ही एकच लॅब चालू होती. अण्णा ब्लडप्रेशरचं निमित्त सांगून घरात झोपून होते.

चार दिवसांनी मयूरेशची चकती कुरिअरनं आली. त्यानं दार लावून घेतलं आणि पलंगावर बसून खोकं बराच वेळ हातात फिरवलं.

“मी लावतो,” तो म्हणाला. “पण दंडावर नको. पोटावर, शर्टाच्या आत. बत्तीस जणांत कुणाचं काय निघालं ते कुणालाच कळणार नाही, सगळं गुप्त आहे.”

“बरं.”

“आणि तू तुझी काढू नकोस. औषध नसलं तरी चालेल. रिकामीच राहू दे दंडावर. लोकांना वाटेल, अजून तुझीच ट्रीटमेंट चालू आहे.”

तो हे अगदी समजूतदार आवाजात बोलला. आपण काही वावगं बोलतोय असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. मला रडू आलं, आणि ते त्याच्यासाठी नव्हतं. मूल मला त्या क्षणीही हवं होतं. त्याचं नाव काय ठेवायचं, तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. पण त्या मुलाला घडवणारा बाप हा असणार होता आणि त्याच्यावर तर कुठलीच चकती चालणार नव्हती.

मी उठून बॅग भरली. मग खुर्चीत बसून दंडावरची चकती सोलून काढली. खाली कातडी पांढरी पडली होती. फोनवर लगेच प्रश्न आला, ‘सारथी बंद करण्याचे कारण निवडा’. पर्याय चार होते. गर्भधारणा झाली. खर्च परवडत नाही. त्रास होतो. इतर.

मी ‘इतर’ निवडलं. थोडक्यात लिहा, असं त्यानं सांगितलं. मी लिहिलं, नवरा घाबरट आहे.

‘धन्यवाद, नोंद झाली,’ असं उत्तर आलं. मयूरेशबद्दल त्या यंत्रात झालेली ही दुसरी खरी नोंद.